शिंगरू विकत घेताना: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी, पहिल्या भेटीपासून पहिल्या खोगिरापर्यंत

मैना जन्मली तेव्हा मी तिथेच होते. मुरबाडकडच्या एका तबेल्यात मी दर रविवारी ठाण्याहून घोडेस्वारी शिकायला जायचे. फेब्रुवारीतल्या एका पहाटे पोचले, तर मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारे) काका ओठांवर बोट ठेवून दारातच उभे. आत गवतावर ओलं, कुमैत (तांबूस-तपकिरी) रंगाचं, नुसते पायच पाय असलेलं शिंगरू उठायची धडपड करत होतं. चार वेळा कोलमडलं, पाचव्यांदा उभं राहिलं. ती सव्वा वर्षाची झाली तेव्हा मालकांनी सांगितलं, वय झालं, तबेला बंद करतोय, जनावरं विकणार. पुढच्या पाच महिन्यांत विचारपूस, तपासण्या, कागद, जागेची शोधाशोध हे सगळं झालं आणि वीस महिन्यांची मैना माझी झाली.

त्या पाच महिन्यांत मला सगळं तुकड्या-तुकड्याने कळलं. एक गोष्ट डॉक्टरांकडून, दुसरी नालबंदाकडून, तिसरी ठेच लागल्यावर. ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. ज्यांचा जीव एखाद्या ठराविक शिंगरावर आधीच जडला आहे, त्यांनी तर जरूर वाचा. नुसता घोडा हवा असणारा माणूस दहा घोडे पाहतो. ‘हेच’ शिंगरू हवं असलेल्याला त्याच्यातलं वाकडं काही दिसतच नाही. मलाही दिसलं नव्हतं.

१. आधी घरात बसून बोला

घोडा पंचवीस ते तीस वर्षं जगतो. आज दीड वर्षाचं शिंगरू घेतलं तर तुमच्या सहावीतल्या मुलीचं लग्न होऊन तिची मुलं शाळेत जाईपर्यंत ते जनावर तुमची जबाबदारी असणार आहे. हे घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने बोला. नंतर नवऱ्याने किंवा सासूबाईंनी ‘आम्हाला कुठे विचारलं होतं’ म्हणणं फार जड जातं.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारा: मला घोडेस्वारी किती येते? शिकायला लागून दोन वर्षंही झाली नसतील, तर शिंगरू घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. कच्चा स्वार आणि कच्चा घोडा एकत्र आले की दोघंही घाबरतात, आणि घाबरलेला घोडा पळतो. अशा वेळी आठ-दहा वर्षांचा, रहदारी पाहिलेला, शांत घोडा घ्या, किंवा तबेल्यातलाच एखादा घोडा महिन्याच्या बोलीवर वापरा. तरीही शिंगरूच घ्यायचं असेल, तर त्याला शिकवणारा जाणता माणूस आधी नक्की करा आणि मग शिंगराच्या किमतीबद्दल बोला.

तिसरी गोष्ट वेळ. कल्याण-मुरबाड रस्ता असो की पनवेल-कर्जत, शनिवारी सकाळी जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो. आठवड्यातून तीनदा तरी जाता येणार नसेल, तर शिंगरू तुम्हाला नाही, मोतद्दाराला ओळखेल.

२. जागा आधी, जनावर नंतर

घोडबंदर रोडच्या नावातच घोडा आहे, पण त्या रस्त्यावरच्या कुठल्याही सोसायटीच्या आवारात आज घोडा ठेवता येणार नाही. महापालिका हद्दीत जनावर ठेवायला परवानगी लागते. ‘आमचे ओळखीचे आहेत, काही होत नाही’ यावर विसंबू नका. तबेल्याच्या मालकाकडे स्थानिक संस्थेची कोणती परवानगी आहे ते कागदावर पाहा. बहुतेकांना शेवटी मुरबाड, बदलापूर, कर्जत किंवा पनवेलच्या पलीकडेच जागा मिळते, आणि शिंगरासाठी ते चांगलंच आहे, कारण त्याला पळायला मैदान लागतं.

तबेला पाहायला जुलैत जा. डिसेंबरात सगळेच तबेले छान दिसतात. आपल्या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. तेव्हा पाणी कुठे साचतं, जनावरं दिवसभर ओल्यात उभी आहेत का, चारा कुठे रचलाय, हे डोळ्यांनी पाहा. चाऱ्याच्या गंजीत हात कोपरापर्यंत घाला आणि बाहेर काढून वास घ्या. कुबट, मातकट वास आला किंवा हाताला करडी पूड लागली तर तो चारा बुरशीचा आहे. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं वाईट अन्न बाहेर काढायचा त्याला मार्गच नाही, म्हणून बुरशीचा चारा आणि पोटशूळ यांची गाठ पक्की.

आणखी काय पाहावं: एका घोड्याला साधारण बारा बाय बारा फुटांची मोकळी खोली, दिवसातले काही तास मोकळं सोडायची सोय, इतर घोड्यांची सोबत (शिंगरू एकटं वाढवू नये, ते बिथरतं), रात्री राहणारा माणूस, आणि तासाभरात पोचू शकेल असा घोड्यांचा डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर ठाण्यात गल्लोगल्ली आहेत, घोड्यांचे मोजके. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात मोठ्या जनावरांवर उपचार होतात. १८८६ सालापासूनची ती संस्था आहे. पण मध्यरात्री पोट दुखणारा घोडा पनवेलहून परळला नेणं सोपं नाही. जवळचा डॉक्टर हवाच.

एक गोष्ट कोणी सांगत नाही: कुंपणाला कण्हेर आहे का पाहा. हायवेच्या दुभाजकांवर, सोसायट्यांच्या कुंपणाला आपल्याकडे सर्रास कण्हेर लावतात. घोड्याला ती जीवघेणी विषारी आहे, वाळलेली पानंसुद्धा. मी पाहिलेल्या एका तबेल्याच्या फाटकालाच दोन्ही बाजूंनी फुललेली कण्हेर होती. जागा बाकी सुंदर होती, पण मी तिथूनच परत फिरले.

३. जात आणि वय

यावर फार लिहीत नाही, कारण तुमचं शिंगरू ठरलेलं असेल तर जातही ठरलेलीच आहे. मारवाडी आणि काठेवाडी ही कोरड्या मुलखातली जनावरं. आपल्या दमट हवेत त्यांच्या खुरांची आणि कातडीची काळजी जास्त घ्यावी लागते. भीमा खोऱ्यातली भीमथडी अंगाने लहान पण चिवट. रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड स्वस्तात मिळतात, कधी नुसते ‘घेऊन जा’ म्हणूनही देतात, पण दोन वर्षांच्या वयापासून ते वेगासाठीच पळवलेले असतात. त्यांना नव्याने शिकवणं हे वेगळं, मोठं काम आहे.

बाजारातून घ्यायचं असेल तर दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात. तो व्यवहार बघायला जरूर जा. पण पहिलंच जनावर तिथे, गर्दीत, एका दिवसात घेऊ नका.

वय दातांवरून कळतं, आणि हे तुम्ही स्वतः शिकू शकता. समोरचे मधले दुधाचे दात साधारण अडीच वर्षांला पडून कायमचे येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाच वर्षांला तोंड पूर्ण होतं. दुधाचे दात लहान, पांढरे, मुळाशी निमुळते असतात. कायमचे रुंद, पिवळसर, रेघा असलेले. ‘तीन वर्षांचा आहे, लगेच बसता येईल’ असं सांगून विकायला ठेवलेल्या एका बछेऱ्याच्या (नर शिंगराच्या) तोंडात मला एकही कायमचा दात दिसला नाही. तो फार तर दोन वर्षांचा होता.

बछेरा की बछेरी? हौसेच्या स्वारासाठी पूर्ण नर, म्हणजे खच्ची न केलेला घोडा, नको. बछेरा घेणार असाल तर खच्ची करण्याचा खर्च आणि वेळ धरा, आणि ते काम पशुवैद्यकाकडूनच, भूल देऊन करून घ्या.

४. पाहायला जाल तेव्हा

ओळखीचं शिंगरू असलं तरी खरेदीच्या नजरेने किमान तीनदा जा, आणि एकदा न कळवता. कळवून गेलं की शिंगरू धुऊन, बांधून, कधी कधी दमवून ठेवलेलं मिळतं. तुम्हाला पाहायचं आहे ते असं: मैदानातून पकडायला गेलं तर येतं का? म्होरकी चढवू देतं का? चारही पाय उचलू देतं का? मग डांबरी किंवा फरसबंद जागेवर चालवायला आणि दुडक्या चालीने पळवायला सांगा, समोरून आणि मागून. डोळे मिटून टापांचा आवाज ऐका. सारख्या अंतराने पडल्या पाहिजेत. एक टाप हळू, एक जोरात येत असेल तर कुठेतरी दुखतंय. पळताना डोकं एकाच पायावर वर उचलत असेल तर तोच पाय दुखरा.

भोवरे (केसांची गोल वळणं), देवमण, पंचकल्याणी अशा अंगावरच्या खुणा, त्यांचं शुभ-अशुभ हे सगळं बाजारात तुम्हाला ऐकवलं जाईल. श्रद्धा असेल तर पाळा, पण भोवऱ्याकडे बघताना खुराकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. चांगल्या भोवऱ्याचे जास्त पैसे मागतात, आणि कपाळावर ‘वाईट’ भोवरा असलेलं निरोगी जनावर कवडीमोलाने जातं.

५. डॉक्टरांची तपासणी: इथे घाई करू नका

सगळ्या लेखातली एकच पायरी लक्षात राहणार असेल तर ही राहू दे. डॉक्टर तुमचा हवा, विकणाऱ्याचा नको. विकणाऱ्याचा डॉक्टर प्रामाणिक असला तरी त्याला उद्याही तिथेच काम करायचं आहे. फी तुम्ही द्या, अहवाल तुमच्या नावाने घ्या.

मैनाची तपासणी दीड तास चालली. डॉक्टरांनी आधी तिला नुसतं पाहिलं, दहा मिनिटं, हात न लावता. मग तापमान, नाडी, श्वास. मोठ्या घोड्याचं विश्रांतीतलं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ असतात; शिंगराचे आकडे थोडे जास्त. मग डोळे, दात, हृदय, नाभी, पाठ. शेवटी त्यांनी तिचा पुढचा डावा पाय उचलला, खूर तळहातावर धरला आणि मला वाकून बघायला सांगितलं. खुराची बाहेरची कड उंच, आतली झिजलेली. एवढे महिने मी तोच पाय पुसत होते, त्यावर हात फिरवत होते, आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

“नालबंद वेळेवर येत नाही इथे,” डॉक्टर म्हणाले. “आणखी वर्षभर असंच राहिलं असतं तर गुडघ्यावर आलं असतं. आत्ता दर महिन्याला तासलं तर बरंच सुधारेल. पण पूर्ण सरळ होईल असं मी लिहून देणार नाही.”

घरी येऊन मी रडले. मग अहवालाची प्रत घेऊन मालकांकडे गेले आणि किमतीबद्दल पुन्हा बोलले. त्यांनीही मानलं. तो पाय कळूनही मी तिला घेतलं, पण कळून घेतलं. तिला उंच उड्यांचं शिक्षण द्यायचं नाही, हे त्याच दिवशी ठरलं.

रक्ततपासणीत दोन गोष्टी हव्यातच. पहिली ग्लँडर्स. हा जिवाणूजन्य आजार घोड्याकडून माणसालाही होतो, आणि २००९च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार बाधित घोड्याला मारावंच लागतं. दुसरी घोड्यांचा सांसर्गिक रक्तक्षय, म्हणजे कॉगिन्स चाचणी. या चाचण्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होतात. नमुना तुमच्या पशुवैद्यकाने किंवा सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने पाठवायचा. अहवाल यायला दिवस लागतात. तोवर फक्त इसार द्या, पूर्ण पैसे नाही, आणि इसार पावतीवर लिहा: अहवाल सदोष आला तर इसार परत. माश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगासाठीही डॉक्टरांना विचारून रक्त तपासा. आपल्या भागात पावसाळ्यानंतर चावऱ्या माश्या फार.

६. व्यवहाराचे कागद

तोंडी व्यवहार करू नका, माणूस कितीही जवळचा असला तरी. स्टँप पेपरवर साधा विक्रीकरार पुरतो. त्यात शिंगराचं वर्णन इतकं नेमकं हवं की दुसरं जनावर त्यात बसूच नये: रंग, कपाळावरची खूण, कोणत्या पायाला कुठवर पांढरं, भोवरे, मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक. चारही बाजूंनी काढलेले फोटो जोडा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या.

फाइलमध्ये हे सगळं असू द्या:

- विक्रीकरार, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह
- विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि बँकेतून पैसे दिल्याचा पुरावा
- आई-बापाची माहिती, जातीची नोंदणी असेल तर मूळ दाखला
- लसीकरण आणि जंतनाशकाच्या तारखा
- रक्ततपासणीचे मूळ अहवाल
- प्रवासासाठी पशुवैद्यकाचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र
- नव्या तबेल्याशी केलेला लेखी करार

शेवटच्या कागदात महिन्याचा दर, त्यात चारा किती आणि खुराक कोणता, नालबंदाचे पैसे आत की बाहेर, आणि तुमच्याशी संपर्क न झाल्यास डॉक्टर बोलवायचा अधिकार कोणाला, हे लिहून घ्या. माझ्या पहिल्या महिन्यात हा शेवटचा मुद्दा लिहिलेला नव्हता. मी लोकलमध्ये होते, फोन लागत नव्हता, आणि मैनाच्या पायाला तार लागली होती. ‘ताईंना विचारल्याशिवाय कसं बोलवायचं’ म्हणून माणसं दोन तास थांबली. जखम किरकोळ निघाली. करारात ती ओळ मी दुसऱ्याच दिवशी घातली.

७. आणायचा दिवस

आम्हाला मुरबाडहून पनवेलच्या पुढे जायचं होतं. ठरवलेला टेम्पो आला, तर तळाला गुळगुळीत पत्रा, त्यावर चार मुठी गवत पसरलेलं. मी तो परत पाठवला, भाड्याचा आगाऊ दिलेला हप्ता गेला. तळाला न घसरणारी रबरी चटई किंवा काथ्या, बाजूंना मऊ पट्ट्या, मागे आडवे दांडे, आणि सोबत घोड्याच्या ओळखीचा माणूस, एवढं नसेल तर जनावर चढवू नका. वळणावर घसरून पाय मोडला तर पुढचं सगळंच संपतं.

निघायच्या आधी दहा दिवस शिंगराला गाडीत चढायची सवय करा. त्यासाठी आम्ही एक गाडी आधीच मागवून तबेल्यात उभी करून ठेवली होती. काका रोज तिचा खुराक गाडीत चढायच्या फळीवर ठेवायचे, दुसऱ्या दिवशी थोडा आत. सातव्या दिवशी ती आपणहून चढली.

रात्री निघा. दिवसा शिळफाट्याच्या कोंडीत उन्हात उभी असलेली पत्र्याची गाडी म्हणजे भट्टी. सोबत पाणी, आणि जुन्या तबेल्यातला आठवड्याभराचा चारा घ्या. नवा चारा त्यात रोज थोडा मिसळत आठ-दहा दिवसांत बदला. चारा एकदम बदलला की पोट बिघडतं. नव्या जागी दोन ते तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळं ठेवा, दिसतील पण नाकाला नाक लागणार नाही एवढ्या अंतरावर.

८. पहिले तीन महिने

या काळात शिकवायचं असं काही नाही, फक्त ओळख. रोज खरारा, रोज चारही खूर उचलून साफ करणं, म्होरकी घालून फिरवणं. बस.

चाऱ्याचा हिशोब डोक्यात ठेवा: अंगाच्या वजनाच्या दोन टक्के सुका चारा, म्हणजे तीनशे किलोच्या शिंगराला रोज सहा किलो. दीड टक्क्याच्या खाली कधीच नाही. आपल्याकडे ‘ताकद यावी’ म्हणून हरभरा आणि गव्हाचा कोंडा भरपूर घालायची पद्धत आहे. कोंड्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम कमी असतं. वाढत्या वयात तो जास्त झाला तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. लसूणघास थोडा, चाटायला मिठाचा दगड, आणि दिवसभर स्वच्छ पाणी. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनी पोळ्या आणि लाडू खिलवू नयेत म्हणून आम्ही पाटीच लावली. सोसायटीच्या लॉनचं कापलेलं गवतही नको, ते काही तासांत आंबतं.

धनुर्वात आणि रेबीजची लस डॉक्टरांना विचारून. जंतनाशक अंदाजाने न देता शेण तपासून. नालबंद दर चार ते सहा आठवड्यांनी; शिंगराला नाल नको, फक्त तासणी. पावसाळ्यात खुराखालच्या मऊ त्रिकोणी भागात काळा, घाण वासाचा चिखल साचून कुजायला लागतं, म्हणून रोज संध्याकाळी खूर कोरडे करायचे. याला एका खुरामागे दोन मिनिटं लागतात आणि याचीच टाळाटाळ सगळ्यात जास्त होते.

९. शिक्षणाचा आराखडा

मैना बावीस महिन्यांची असताना एक चाबूकस्वार, म्हणजे घोडे शिकवून तयार करणारे, आले होते. हुशार, अनुभवी. म्हणाले, “दोन महिन्यांत बसायला देतो.” त्यांच्या पिशवीत काटेरी लगाम होता. मी त्यांना चहा दिला आणि नको म्हणून सांगितलं. काटेरी लगाम कायद्याने बंद आहे. पण तो नसता तरीही मी नकोच म्हटलं असतं, आणि त्याचं कारण हाडांत आहे.

घोड्याच्या हाडांच्या टोकांना वाढीची कूर्चा असते. ती खालून वर बंद होत जाते: खुराजवळची हाडं आधी, पुढच्या गुडघ्याच्या वरची साधारण अडीच वर्षांच्या सुमारास, आणि पाठीचा कणा सगळ्यात शेवटी, साडेपाच वर्षं किंवा त्याहून उशिरा. आपण बसतो ते पाठीवर. दोन वर्षांचं शिंगरू उंचीने पूर्ण दिसतं, म्हणून लोक फसतात. लग्नाच्या वरातीसाठी आणि नाचासाठी कोवळ्या वयात तयार केलेली जनावरं दहाव्या वर्षी पाठ धरून का उभी असतात, ते यावरून कळेल.

आमचा आराखडा मी तबेल्याच्या भिंतीवर कागदावर लावला आहे, म्हणजे मोतद्दार बदलला तरी घाई होऊ नये:

दीड ते अडीच वर्षं: माणसासोबत चालणं, थांबणं, मागे सरकणं, बांधून शांत उभं राहणं. बाहेरचं जग दाखवणं. रिक्षा, प्लास्टिकची ताडपत्री, छत्र्या, रेल्वेचा भोंगा. गणपतीच्या आधी पंधरा दिवस आम्ही लांबून ढोलाचं रेकॉर्डिंग लावायचो, आधी हळू, मग रोज थोडं मोठं. त्या वर्षी मिरवणुकीचा आवाज आला तेव्हा शेजारचे दोन मोठे घोडे दावण तोडायला लागले. मैनाने कान टवकारले आणि परत चाऱ्यात तोंड घातलं.

अडीच ते साडेतीन: लगामाची ओळख, आधी साधा रबरी किंवा गुळगुळीत तुकडा, नुसता तोंडात, दोर न ओढता. पाठीवर आधी घोंगडी, मग पट्टा, मग रिकामं खोगीर. मागून लांब दोरांनी चालवणं. लांब दोरावर गोल फिरवणं, म्हणजे जुने लोक ज्याला कावा देणं म्हणतात, ते आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं, मोठ्या वर्तुळात. लहान वर्तुळात रोज अर्धा तास फिरवलं की सांधे जातात. काव्यावर दमवून घोडा शांत करायची पद्धत इथे फार आहे. तिला ठाम नकार द्या.

साडेतीन ते चार: हलका स्वार, वीस मिनिटं, फक्त चालत. खोगिरासह स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आत असावं, कोवळ्या घोड्यासाठी त्याहून बरंच कमी. मग दोन महिने सुट्टी, मैदानात.

चार ते पाच: दुडकी चाल, सरळ रेषा, मोठी वळणं, माळावर फेरफटका. पाचनंतर पुढचं.

पुढचं म्हणजे काय, हे घोड्याच्या अंगावरून ठरू द्या. २०२३च्या हांगझोऊ आशियाई खेळांत भारताने ड्रेसाजमध्ये (घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नेमकेपणाने करून घेण्याचा खेळ) सांघिक सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून बरेच पालक ड्रेसाजची चौकशी करतात. चांगलंच आहे, कारण त्याचा पाया म्हणजे तोल आणि लवचीकपणा, जो प्रत्येक घोड्याच्या पाठीला लाभतो. स्पर्धेत उतरायचं असेल तर भारतीय अश्वारोहण महासंघाची नोंदणी वेळेत करून घ्या. मैनाच्या पायामुळे आम्ही उड्या वगळल्या. सपाटीवरचं काम आणि लांब फेरफटका एवढंच ठरवलंय.

शिकवणारा निवडताना त्याचे जुने घोडे बघा. तो आत शिरला की घोडे जवळ येतात की कोपऱ्यात जातात? ओठांच्या कडांना जुने व्रण आहेत का? आणि त्याला विचारा, “तुम्ही शेवटचं ‘हा घोडा अजून तयार नाही’ असं मालकाला कधी सांगितलं?” ज्यांना लगेच एखादा घोडा आठवला, त्यांच्याशी मी पुढे बोलले.

१०. खर्चाबद्दल थोडं

किंमत एकदाच जाते, महिना दर महिन्याला येतो. तीन तबेल्यांचे लेखी दर घ्या, त्यात नालबंद, लस, जंत, दात घासणं (वर्षातून एकदा), खोगीर, शिकवणाऱ्याची फी आणि तुमचं पेट्रोल-टोल मिळवा. याशिवाय अचानकच्या आजारपणासाठी किमान सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. पोटशूळाची शस्त्रक्रिया किंवा एक रात्रभर लागलेली सलाइन यांचं बिल तबेल्याच्या दरात नसतं. खोगीर आत्ताच विकत घेऊ नका. पाच वर्षांपर्यंत पाठीचा आकार बदलत राहतो, तोवर उसनं किंवा जुनं चालवा, फक्त मापाचं हवं.

भिंतीवर आराखड्याच्या शेजारी दोन फोन नंबर मोठ्या अक्षरांत लावा: तुमचा घोड्यांचा डॉक्टर, आणि पशुवैद्यकीय सेवेचा १९६२. खाली तीन ओळी लिहा, म्हणजे रात्रीच्या माणसाला विचार करत बसावं लागणार नाही: चारा सोडला, सारखी लोळते, पोटाकडे वळून बघते, यांपैकी काहीही दिसलं तर चारा काढून घ्या आणि ताबडतोब फोन करा. आधी ताईंना नाही, आधी डॉक्टरांना.

मैनाला आता तीन वर्षं दोन महिने झाले. मधले वरचे दोन कायमचे दात आलेत. डाव्या खुराची कड नालबंद दर पाच आठवड्यांनी तासतो, आणि मी प्रत्येक वेळी फोटो काढून फाइलमध्ये लावते. पहिला स्वार दसऱ्यानंतर बसेल. तो मी नसेन, माझं वजन तिला अजून जास्त आहे. शिकवणाऱ्या बाईंची अठरा वर्षांची विद्यार्थिनी बसेल, आणि मी म्होरकी धरून तिच्या डाव्या खांद्याशी चालत असेन.